लॅमिनेट केलेले चोवीस शब्द

सकाळी साडेनऊला प्रल्हादराव बाहेरून आले ते अशा खुशीत, की जणू कुणाचं तरी लग्न जमवून आलेत. दारात चपला काढल्या, पंच्याने मान पुसली आणि पिशवीतली निळी फाईल जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"घे गं श्रुतिका. जुईचे सगळे कागद पक्के करून आणले. आता समुद्राची हवा काय करते बघू."

श्रुतिका पोहे परतत होती. तिने मान वळवून पाहिलं आणि हसली. सासऱ्यांचं हे लॅमिनेशनचं वेड सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. डहाणू रोड स्टेशनच्या बुकिंग ऑफिसात एकतीस वर्षं काढलेला माणूस; कागद म्हणजे काय आणि तो हरवला की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यात घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. इथे मिठाला पाणी सुटतं, पापड दुपारपर्यंत लोळागोळा होतो आणि कागदाला महिन्याभरात घड्यांवर मऊपणा येतो. निवृत्त झाल्यापासून त्यांनी आधारकार्ड, पेन्शनचे कागद, गॅसचं पुस्तक, एवढंच काय, डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा प्लॅस्टिकमध्ये घालून आणली होती. "एक दिवस मलाच त्या मशीनमधून काढतील," असं सरलाताई, त्यांच्या पत्नी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

श्रुतिकाने गॅस बारीक केला आणि सहज फाईल चाळली. लसीकरणाचं कार्ड. जुईच्या कानाच्या ऑपरेशनचे डिस्चार्ज पेपर. मशीनचं वॉरंटी कार्ड, मुदत संपलेलं. आणि मग तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला एक कागद. निळ्या पेनाने दोन रांगांत लिहिलेले इंग्रजी शब्द, एक ते चोवीस, वर चकचकीत प्लॅस्टिक.

तिच्या हातातला झारा खाली पडला.

"बाबा, हा कागद तुम्ही... हा पण दिलात?"

"न देऊन कसं चालेल? घडीवर विरत आला होता. जुईच्या शब्दांची यादी ना ती? स्पीच थेरपीची?" प्रल्हादराव खुर्चीत टेकले. "मी तर दोन दिवस तिच्याकडून म्हणून घेतोय. सात-आठ छान म्हणते. दोन झेरॉक्स पण काढल्या. एक फाईलमध्ये आहे, एक शाळेत बाईंना देऊन आलो. म्हटलं वर्गात लावा, पोरीचा सराव होईल."

त्यांची चूक तरी काय होती? ह्या घरात पाच वर्षं शब्दांच्या याद्याच येत होत्या. श्रुतिकाची मुलगी जुई जन्मतः ऐकू न येणारी. दोन वर्षांची असताना सरकारी योजनेतून कानात इम्प्लांट बसवलं, आणि मग थेरपीच्या बाई दर महिन्याला कागद द्यायच्या: हे वीस शब्द म्हणून घ्या, ते वीस शब्द म्हणून घ्या. कासव, खिडकी, लिंबू, घंटा. त्या चोवीस शब्दांतही असलेच साधे शब्द होते, फक्त इंग्रजीत. ते ज्या फाईलला आपल्याशिवाय कुणी हात लावत नाही, त्या फाईलमध्ये ठेवावेत, असं श्रुतिकालाच वाटलं होतं.

आणि ते शब्द म्हणजे तिची सगळी पुंजी होती.

जुईच्या डोक्याच्या आत बसवलेला भाग आयुष्यभराचा. पण कानामागे लावायचं मशीन पाच वर्षांत थकलं होतं. बोलता बोलता बंद पडायचं, टिचकी मारली की चालू व्हायचं. रोज संध्याकाळी सिलिका जेलच्या डबीत वाळवत ठेवूनही खाऱ्या हवेने आपलं काम केलंच होतं. नवीन मशीन योजनेत बसत नव्हतं आणि त्याची किंमत ऐकून तिचा नवरा अनिकेत पहिल्यांदा नुसता हसला होता. त्याचा वापीच्या केमिकल कंपनीतला पगार घर चालवण्यात संपायचा. म्हणून श्रुतिकाने, बीएस्सी झालेल्या आणि घरी बसलेल्या श्रुतिकाने, एका परदेशी कंपनीसाठी मराठी-हिंदी सबटायटल तपासायचं काम धरलं. जुई शाळेत असताना, जुई झोपली असताना, तीन वर्षं. ती कंपनी पैसे द्यायची बिटकॉइनमध्ये. ते तिने साठवले. पुढच्या महिन्यात मशीनची ऑर्डर द्यायची होती.

साठवले होते एका हार्डवेअर वॉलेटमध्ये. अंगठ्याएवढी वस्तू, पेनड्राइव्हसारखी, एक छोटा पडदा आणि दोन बटणं. घरात सगळे तिला 'डबी' म्हणायचे. पण डबीत पैसे नसतात, हे सगळ्यांना समजावून समजावून श्रुतिका दमली होती. डबी हरवली, फुटली, तरी चालतं. दुसरी डबी घ्यायची, तिच्यात ते चोवीस शब्द त्याच क्रमाने घालायचे, की पैसे पुन्हा आपले. खरी किल्ली शब्द. आणि ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. मग तो जगात कुठेही बसलेला असो. म्हणूनच ते कुठल्या कागदावर आहेत, हे तिने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

"बाबा, हे शब्द म्हणजे डबीची किल्ली आहे," ती म्हणाली. 

प्रल्हादरावांचा चेहरा हळूहळू उतरला. मग ते जे बोलले, ते त्यांनी आधी सांगायला हवं होतं. "भावेश विचारत होता... झेरॉक्सवाला. काका, हे बिटकॉइनचं तर नाही ना, म्हणून. त्याचा भाचा सुरतला असलंच काहीतरी करतो. फोटो पाठवून विचारतो म्हणाला."

श्रुतिकाने गॅस बंद केला.

भावेशभाईचं दुकान कोपऱ्यावरच होतं. बिचारा घाबरूनच गेला. "ताई, मी चांगल्यासाठीच पाठवला हो. माझं झेरॉक्स मशीन अडकलं होतं, म्हणून मोबाईलने फोटो मारला, कॉम्प्युटरवर घेतला, प्रिंट दिली. आणि भाच्याला विचारलं. आमच्या काकांना कोणी फसवत असेल तर?" त्याने फोन पुढे केला. फोटोखाली व्हॉट्सअॅपच्या दोन करड्या खुणा होत्या, निळ्या झाल्या नव्हत्या. "त्याने बघितलंच नाही अजून. हिऱ्याच्या कारखान्यात आहे, फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चार वाजता सुटतो."

तिने फोटो सगळीकडून पुसायला लावला. भाच्याच्या फोनवरून, भावेशच्या फोनवरून, कॉम्प्युटरवरून, कॉम्प्युटरच्या कचरापेटीतून. भावेशभाई प्रत्येक वेळी "गेला बघा" म्हणत होता आणि तिला प्रत्येक वेळी वाटत होतं, गेला कशावरून? भाच्याच्या फोनने तो आधीच उतरवून घेतला असेल तर? आणि शाळेतल्या भिंतीवर एव्हाना टाचण्या लागल्या असतील. ज्या किल्लीचे इतके ठसे उमटलेत, ते ठसे पुसत बसायचं नसतं. कुलूप बदलायचं असतं.

चार वाजेपर्यंत. हे एकदा मनाशी पक्कं झाल्यावर ती तडक घराकडे वळली.

घरी येऊन तिने अनिकेतला फोन लावला. त्याचा फोन कंपनीच्या गेटवर जमा असणार, हे माहीत असूनही. सात वाजेपर्यंत तो लागणार नव्हता. बिटकॉइन सरळ विकून टाकावेत, तर ते जिथे विकायचे त्या एक्स्चेंजवरचं तिचं खातं दोन महिने अडकलेलं. पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, त्यामुळे ओळख पटत नव्हती. मोबाईलमध्येच वॉलेट उघडावं, तर त्याच मोबाईलवर जुई रंग भरायचे गेम उतरवून घ्यायची. नाही. दुसरी डबी मिळाली तर काम सोपं होतं: नव्या डबीचे नवे शब्द, जुन्या डबीतून पैसे तिकडे पाठवायचे, दहा मिनिटांचा खेळ. कंपनीकडून डबी मागवायला आठवडा लागला असता. पण तलासरीत विनोद होता.

विनोद म्हणजे अनिकेतचा कॉलेजमधला मित्र. हायवेला लागून त्याचं मोबाईलचं दुकान. गेल्या वर्षी श्रुतिका दोन महिने वाचून वाचून डबी निवडत होती, तेव्हा ह्यानेच अर्ध्या किमतीत देऊ केली होती आणि तिने नको म्हणून थेट कंपनीची मागवली होती. ते सरलाताई अजून विसरल्या नव्हत्या.

"तेव्हाच सांगत होते," त्या आताही म्हणाल्या. "घरच्या माणसाकडे अर्ध्या पैशात मिळत होतं. पण नाही! शिकलेल्या लोकांना घरचं चालत नाही."

"आई, जुईला एकला शाळेतून आणा. आणि भिंतीवरचा तो कागद..." श्रुतिका थांबली. "राहू दे. काढायला लावलात तर उलट सगळे विचारतील."

विनोदने फोनवर लगेच हो म्हटलं. "वहिनी, या की! पंधरा मिनिटांत चालू करून देतो. मित्रासाठी एवढं पण नाही का?"

ती स्कूटरची किल्ली घेऊन निघाली, तर प्रल्हादराव हेल्मेट घालून गेटात उभे. पोटाशी बॅग. बॅगेत डबी, वही आणि तो लॅमिनेट केलेला कागद.

"बाबा, ऊन आहे. मी जाते."

"मी केलंय, मी येणार."

"जा दोघं," मागून सरलाताई म्हणाल्या. "तालुके फिरून या. आणि पोहे खाल्ले नाहीत कोणी ते मी कावळ्यांना घालते."

आशागड गेलं, चारोटीला हायवे लागला. गुजरातकडे जाणारे ट्रेलर बाजूने गेले की स्कूटर कलंडेल अशी हलायची. मागे बसलेले प्रल्हादराव खड्डा आला की "हळू" म्हणायचे. बारा वाजता ती तलासरीत विनोदच्या दुकानासमोर उतरली तेव्हा तिचं सगळं तोंड धुळीने खरखरत होतं.

विनोदने खुर्च्या पुसल्या, थम्सअप मागवलं, आणि काउंटरवर दोन खोकी ठेवली. "ही बघा वहिनी. ह्याला पडदा-बिडदा काही नाही, मोबाईलला ब्लूटूथने जोडायची, बस. ही दुसरी थोडी भारी. दोन्ही ओरिजिनल. वापीचा होलसेलवाला आहे आपला."

पडदा नसलेली तिने लगेच बाजूला सारली. "पैसे कुठे चाललेत हे डबीने स्वतः दाखवलं पाहिजे. मोबाईलवर कोणी पत्ता बदलला तर मला कळणार कसं?"

"बरं, मग ही घ्या. ही घेऊन टाका."

दुसरी खरंच चांगली दिसत होती. तिच्या घरच्या डबीसारखीच, तीच बटणं, तोच पडदा. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आत्ता घेतली तर साडेबाराला सगळं संपणार होतं. श्रुतिकाला खूप वाटलं, घ्यावी. तिने पर्समध्ये हातही घातला.

प्रल्हादरावांनी तेवढ्यात खोकं उचललं होतं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते नाकाशी धरलं, फिरवलं, झाकणाच्या फटीवरून नख नेलं.

"विनोद, हे उघडलं होतंस का रे?"

"नाही काका. सीलपॅक आहे."

"एकतीस वर्षं कॅशच्या कातडी थैल्यांना लाखेचं सील मारलंय मी. सील एकदा मारलेलं कसं दिसतं आणि दुसऱ्यांदा कसं, ते मला अंधारात कळतं. हे बघ, डिंकाची जुनी रेघ इथे, नवी इथे. दोनदा चिकटवलंय."

"वाहतुकीत होतं काका असं."

श्रुतिकाने खोकं उघडलं. आत डबी, केबल, पुस्तिका आणि एक सुंदर जाड कार्ड. कार्डावर पट्टी, लॉटरीच्या तिकिटासारखी नाण्याने खरवडायची. तिने एक कोपरा खरवडला. खाली छापलेला शब्द. दुसरा शब्द. चोवीसच्या चोवीस, तयार.

"हेच तर भारी आहे ह्यात," विनोद म्हणाला. "तुम्हाला लिहायचा ताप नको. कंपनीकडूनच येतात."

"भावजी, ही डबी पहिल्यांदा चालू केली की स्वतःच शब्द बनवते. आपल्यासमोर. फक्त आपल्याला दाखवते. कुठलीच कंपनी शब्द छापून पाठवत नाही. हे ज्याने छापलेत त्याच्याकडे ह्याची दुसरी प्रत आहे. मी ह्यात पैसे टाकले की तो तिकडे बसून उचलणार."

विनोद हसायला लागला, मग अर्ध्यात थांबला. "वहिनी, असं कसं... मी दहा पीस विकलेत."

"तुमचे स्वतःचे कशात आहेत?"

त्याने काउंटरखालून एक तसलीच डबी काढली आणि तिच्याकडे बघत राहिला, विंचू हातात आल्यासारखा.

"आत्ता काढा," श्रुतिका म्हणाली. "आत्ता, दुपारच्या जेवणाआधी. आणि त्या दहा जणांना फोन करा. थम्सअप राहू दे."

बाहेर आल्यावर प्रल्हादरावांनी विचारलं, "आता?"

खरं म्हणजे तिच्याकडे आणखी एक रस्ता सकाळपासूनच होता. तो लांबचा म्हणून ती टाळत होती. तिची स्वतःची डबी, तिनेच निवडलेली, तिच्यावर तिचा विश्वास होता. एकाच डबीला आधी सगळं विसरायला लावायचं. तिच्याकडून नवे शब्द घ्यायचे, नव्या खात्याचा पत्ता टिपायचा. पुन्हा विसरायला लावायचं आणि नवे शब्द परत घालून बघायचं, तोच पत्ता येतो का. लिहिताना एक अक्षर चुकलं असेल तर पैसे कायमचे गेले म्हणून ही खातरजमा. मग पुन्हा विसरायला लावायचं, जुने शब्द घालायचे, आणि तेव्हा कुठे पैसे पाठवायचे. दोन बटणांनी एकेक अक्षर शोधत, चोवीस शब्द, दोन वेळा. घरी परत जायला सव्वा तास गेला असता.

"इथेच करते. चार भिंती हव्यात आणि कुणी डोकावणारं नको."

प्रल्हादराव बसस्टँडकडे चालू लागले. "ये माझ्याबरोबर."

तलासरीच्या स्टँडवर त्यांनी ड्युटीवरच्या माणसाशी कशी ओळख काढली, ते तिने फक्त दुरून पाहिलं. आधी रेल्वेचं जुनं ओळखपत्र, लॅमिनेट केलेलं. मग "तुम्ही रस्त्यावरचे, आम्ही रुळावरचे." मग स्वतःच्या कानामागे बोट लावून नातीच्या मशीनची गोष्ट. त्या माणसाने पासच्या बंद खिडकीमागची खोली उघडून दिली. "तीन वाजून चाळीस मिनिटांनी आमचा माणूस येतो हां काका. तोपर्यंत बसा."

खोलीत एक टेबल, एक बाक, भिंतीवर गतवर्षीचं कॅलेंडर. श्रुतिकाने आधी छताचे चारही कोपरे पाहिले, कॅमेरा नव्हता. दाराला कडी घातली. खिडकीची फळी मात्र पूर्ण लागेना. प्रल्हादरावांनी खुर्ची ओढली आणि खिडकीसमोर बसले, तिच्याकडे पाठ करून, जसे आयुष्यभर बसले होते.

"मी वळणार नाही," ते म्हणाले. "तू कर."

तिने डबीला सगळं विसरायला लावलं. पडदा काळा झाला, आणि त्या क्षणी तिच्या लक्षात आलं की आता तिच्या हाताशी पैशांची एकच किल्ली उरली होती: बाबांनी प्लॅस्टिकमध्ये घातलेला तो कागद. तिने तो मांडीवर घट्ट दाबून धरला.

नवे शब्द आले. तिने ते वहीच्या मधल्या पानावर लिहिले, सावकाश, सुटं अक्षर काढत. पत्ता टिपला. पुन्हा सगळं पुसलं. नवे शब्द घालायला सुरुवात केली. डावं बटण, डावं, डावं, उजवं. नवव्या शब्दापाशी अंगठ्याला घाम येऊन बटण दोनदा दाबलं गेलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

"आजोबा, पास मिळेल का?" खिडकीबाहेर कॉलेजच्या मुली.

"खिडकी बंद आहे. जेवणाची सुट्टी."

"केव्हा उघडणार?"

"तीन चाळीसला."

"एवढं जेवण?" दुसरीने विचारलं. "आजोबा, नवीन आलात काय?"

"जुना आहे," प्रल्हादराव म्हणाले. "फार जुना. रांगेत उभ्या राहा, गर्दी करू नका."

आणि मुली खरंच रांगेत उभ्या राहिल्या. एरवी श्रुतिकाला हसू आवरलं नसतं.

दोन वाजता तोच पत्ता पडद्यावर आला. शेवटची अक्षरं तिने तीनदा ताडून पाहिली. नवी किल्ली बरोबर होती. आता जुनी.

तिने लॅमिनेट केलेला कागद उजेडात धरला आणि डोळ्यांजवळ आणला. सतरावा शब्द घडीवर आला होता. प्लॅस्टिक चढायच्या आधीच हवेने त्याची शाई पसरवली होती; पहिली चार अक्षरं दिसत होती, पुढे नुसता निळा डाग. आणखी एक पावसाळा तो कागद फाईलमध्ये तसाच राहिला असता तर ती चारही गेली असती. आपण जो कागद जिवापाड लपवून ठेवला, तो आत हळूहळू पुसला जात होता, आणि ते तिला कळलंही नव्हतं. ओलीची भीती बाबांची खोटी नव्हती.

नशीब, ह्या यादीतले शब्द असे निवडलेले असतात की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखू येतो. तिने चार अक्षरं घातली. डबीने उरलेला शब्द स्वतःच पुरा केला. श्रुतिकाने श्वास सोडला तो इतका मोठ्याने, की प्रल्हादरावांची पाठ ताठ झाली.

"काय झालं?"

"काही नाही. सतरा झाले."

चोवीस झाले. पैसे पडद्यावर आले, जसेच्या तसे. तीन वाजून पाच मिनिटं. तिने नवा पत्ता घातला. मोबाईलवर एकदा वाचला, डबीच्या पडद्यावर एकदा वाचला, वहीत एकदा वाचला. मग दोन्ही बटणं एकदम दाबली.

पाठवल्यावरही नोंद पक्की व्हायला वेळ लागतो. त्या वेळात ती काहीच करू शकत नव्हती. बाहेर रांग वाढत होती, सुरतेत कुठेतरी घड्याळ चालत होतं. तीन पंधरा. तीन बावीस. तीन एकतीसला मोबाईलवर खूण उमटली. पैसे नव्या जागी होते. जुन्या शब्दांमागे आता काही नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "वळलात तरी चालेल."

ते लगेच वळले नाहीत. आधी चष्मा काढून पुसला. "मला कुणी विचारलं असतं," ते खिडकीकडे बघतच म्हणाले, "तर मी आयुष्यात एक पैसा कमी भरला नाही म्हणून सांगितलं असतं. आणि आज नातीचे कान विकायला काढले होते."

"मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दिला असता का तो कागद?" श्रुतिका म्हणाली. "सांगितलं नाही, ती माझी चूक. निम्मी-निम्मी. उठा, पास देणारा आला. तुमची ड्युटी संपली."

भावेशच्या भाच्याने चार वाजता फोन उघडून काय पाहिलं, त्याने काही केलं असतं की नसतं, हे श्रुतिकाला कधीच कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

परत येताना ती डहाणूच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाशी थांबली. स्टीलच्या दोन सपाट झाकण्या घेतल्या, जाड निवडून. दुकानदाराने नाव कोरायचं मशीन हातात घेतलं. "काय नाव टाकू ताई? तारीख पण टाकू?"

"मशीनच भाड्याने द्या. उद्या आणून देते."

"मशीन?" तो गोंधळला. "ताई, अक्षर वाकडं येईल तुमचं."

"येऊ दे."

"अहो, मी फुकट काढून देतो!"

"द्या म्हणते ना ती," मागून प्रल्हादराव गरजले. "तिच्या भांड्यावर ती काय वाटेल ते काढेल."

घरी सरलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. विनोदचं नाव निघालं तेव्हा त्यांनी पोह्यांचं झाकलेलं पातेलं पुढे केलं. कावळ्यांना घातले नव्हतेच.

संध्याकाळच्या उजेडात श्रुतिका मागच्या पडवीत बसली. झाकणी मांडीवर, नव्या शब्दांची वही गुडघ्याशी. मशीनचं टोक स्टीलला टेकलं की झर्रर्र आवाज व्हायचा आणि अक्षर खरंच वाकडं यायचं. वाकडं, पण पुसणार नाही असं. तीन अक्षरांनंतर तिला जमायला लागलं. दारात प्रल्हादराव बसले होते, पाठ करून, न सांगता.

जुई आतून धावत आली, थबकली. "आई, मधमाशी?"

"मधमाशी नाही गं. मशीन. तुझ्या मशीनसाठी मशीन."

जुईला ते फार विनोदी वाटलं. तिने टेबलावरचा लॅमिनेट केलेला कागद उचलला आणि आजोबांच्या शेजारी मांडी घालून बसली. बोट ठेवून एकेक शब्द म्हणायला लागली, मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. श्रुतिकाचा हात सवयीने थांबला. मग तिला आठवलं. ती पुन्हा कोरायला लागली. म्हणू दे. आता ते फक्त शब्द होते.

अकराव्या शब्दावर तिच्या कानामागचं मशीन बंद पडलं. जुईचे ओठ हलत राहिले, मग तिच्या लक्षात आलं, ती गप्प झाली. प्रल्हादरावांनी तिच्या कानामागे हलकेच टिचकी मारली. एकदा, दोनदा.

"अकरा," जुई म्हणाली, आणि तो शब्द पुन्हा म्हटला.

श्रुतिकाने झाकणीवरचा चुरा फुंकला आणि पुढचं अक्षर घेतलं.